मालीश झाली की पसारा, पसाऱ्यानंतर अंघोळ

प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात वन बीएचके फ्लॅट, मुलगा तेरा महिन्यांचा, मुलगी साडेतीन वर्षांची. मुलगा हाताला लागेल ते तोंडात घालतो, अगदी कुंडीतली मातीसुद्धा. मुलीला मात्र बोटाला दही लागलं तरी रडू येतं. प्ले ग्रुपमधून ‘घरी मेसी प्ले घ्या’, म्हणजे हात माखून पसारा करायचे खेळ घ्या, असं सांगितलंय. सासूबाई म्हणतात, पाण्याचिखलात खेळून सर्दी होईल, शिवाय अन्नाशी खेळणं बरं नव्हे. नळाला पाणी फक्त सकाळ-संध्याकाळ. सुरुवात कुठून करायची?

सुरुवात वेळ ठरवण्यापासून करा, साहित्याचं नंतर बघू. तेल लावून झालंय आणि अंघोळ व्हायची आहे, ही मधली वीस मिनिटं पसाऱ्याला द्या. अंगावर कपडे नसतात, त्यामुळे डागांची चिंता नाही. कातडीवर तेल असल्याने रंग चिकटून बसत नाही. आणि अंघोळ तशीही होणारच असते, म्हणजे त्यासाठी जादा बादली खर्ची पडत नाही. तुमच्याकडे मालीश संध्याकाळी होत असेल तर संध्याकाळी. दुपारी, स्वच्छ कपड्यांत, जेवणाच्या तोंडावर खेळ मांडला तर आईचं निम्मं लक्ष घड्याळाकडे राहतं आणि मुलाला ते कळतं. एकच काळजी घ्या: तेल लावलेलं बाळ हातातून निसटतं. उचलताना काखेत हात घालून नव्हे, पंच्यात गुंडाळून उचला.

जागा बाथरूमची किंवा गॅलरीची. खाली मेणकापड आणि त्याच्यावर जुनी सुती चादर. नुसतं मेणकापड ओलं झालं की घसरतं, उभं राहायला शिकलेलं मूल त्यावर हमखास आपटतं. चादरीवर मधोमध स्टीलची परात. परातीला काठ असतो, जड असते, सहज उलटत नाही आणि स्वयंपाकघरात परत जाऊ शकते. रंगीत ‘सेन्सरी किट’ विकत आणायची गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला जे बालशिक्षणाचं काम उभं केलं, त्यात गोटे, बिया, पानं, माती अशा परिसरात मिळणाऱ्या वस्तूंवरच भर होता.

प्रमाण: एक वाटी. हे वाचायला किरकोळ वाटेल, पण बहुतेक घरांत हा प्रकार दुसऱ्याच दिवशी बंद पडतो तो प्रमाण चुकल्यामुळे. फोटोत टबभर रंगीत साबुदाणा दिसतो, आपणही टब भरतो, मग आवरायला पाऊण तास लागतो आणि ‘पुन्हा म्हणून नाही’ असं ठरतं. तेरा महिन्यांच्या मुलाला एक वाटी भरपूर होते. ती संपली तर दुसरी द्या. जे परातीत नाही ते सांडत नाही.

खेळ सुरू करायच्या आधी हाताच्या अंतरावर चार वस्तू हव्यात: अर्धी बादली कोमट पाणी (झाकलेली आणि तुमच्या मागे), तांब्या, पंचा, ओला फडका. ‘जरा टॉवेल घेऊन येते’ म्हणून उठायचं नाही. पाच सेंटिमीटर पाण्यातही तान्हं मूल बुडू शकतं. बादलीत डोकं खाली गेलं तर या वयाच्या मुलाला स्वतःला वर खेचता येत नाही, आणि त्याचा आवाजही होत नाही. फोन वाजला तर वाजू द्या. मोठी बहीण जवळ आहे, हे लक्ष ठेवणं नव्हे.

आता धाकट्याचं. या वयात सगळं तोंडात जातं. जीभ आणि ओठ हे त्याचं वस्तू ओळखायचं साधन आहे, ते बंद करू नका. उलट, तोंडात गेलं तरी चालेल असंच साहित्य द्या, म्हणजे दर मिनिटाला त्याचा हात ओढावा लागणार नाही. त्यासाठी मोदकाच्या उकडीइतकं चांगलं काही नाही. एक वाटी पाणी, चमचाभर तेल, उकळी आली की एक वाटी तांदळाची पिठी, ढवळून झाकण, मंद आचेवर दोन-तीन मिनिटं वाफ. मीठ घालायचं नाही. कोमट झाली की तेलाच्या हाताने मळा. पिठी शिजलेली असते, म्हणून बाळाने चाटली तरी बिघडत नाही. कच्च्या कणकेचं किंवा मैद्याचं तसं नाही. कच्च्या पिठात जिवाणू असू शकतात, ते शिजवल्यावरच मरतात. पोळ्या करताना मुलांच्या हातात कणकेचा गोळा देतात तो मोठ्या मुलीला द्या आणि नंतर हात धुवा. धाकट्याला देऊ नका. उकड उघडी राहिली की दहा मिनिटांत तडकते, म्हणून अर्धी ओल्या फडक्याखाली ठेवा. चिकट झाली तर वाफ कमी पडली, भुगा झाला तर पाणी कमी पडलं. दोन्ही वेळा पुन्हा गॅसवर ठेवून सुधारते.

उकडीचा गोळा तसाच्या तसा देऊ नका. निम्मा परातीत थापून सपाट करा, निम्म्याचे लिंबाएवढे तीन गोळे करा. सपाट भागात बोट रुतवणं त्याला जमतं, गोळा उचलणंही जमतं. गोळ्याचे वाटाण्याएवढे तुकडे मात्र करून ठेवू नका.

दुसरा पदार्थ खळ. अर्धी वाटी कॉर्नफ्लोअर थोड्या गार पाण्यात आधी कालवून घ्या, मग एकूण पाणी दोन वाट्या होईल एवढं घालून ढवळत शिजवा. पांढरटपणा जाऊन काचेसारखी झाली की उतरवा. गरम पाण्यात थेट पीठ टाकलं तर गुठळ्या होतात आणि त्या नंतर मोडत नाहीत. गार झाल्यावर आणखी घट्ट होते, म्हणून गॅसवर असताना जरा पातळच वाटली पाहिजे. तीन वाट्यांत वाटून एकीत बिटाचा रस, एकीत पालकाचा, एकीत चिमूटभर हळद. आपल्या हवेत बाहेर ठेवली तर एका दिवसात आंबते. फ्रिजमध्ये दोन दिवस टिकते, पण वापरण्याआधी कोमट करा, बाळांना गार गिळगिळीत स्पर्श आवडत नाही.

तिसरा, भिजवलेला साबुदाणा. दोन बोटांत चेपला की पीठ व्हायला हवा. मध्ये टणक कण लागला तर अजून भिजू द्या. याखेरीज घट्ट दही, शिजवलेला लाल भोपळा कुस्करून. त्याने आधी खाल्लेला आणि पचलेला पदार्थच खेळायला द्या. दूध, गहू किंवा शेंगदाणा यांची पहिली ओळख हातभर, तोंडभर फासून करून देऊ नये. शेजारी सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर त्याला यातलं काहीच नको. त्याला पालथं घालून समोर ओला रुमाल ठेवला की पुरे.

किती वेळ? त्याला पाच ते दहा मिनिटं. फेकाफेक, डोळे चोळणं, परातीकडे पाठ करून रांगत जाणं, यातलं काही दिसलं की खेळ संपला. फेकण्याचं एक सांगायला हवं. तो वात्रटपणा करत नसतो, हातातून सुटलेली वस्तू कुठे जाते हे त्याला बघायचं असतं. रिकामा डबा पुढे करा, त्यात टाकू द्या, आवाज येतो म्हणून तो रमतो. तरीही भिंतीकडेच फेकत असेल तर परात उचला. रागवायचं काही नाही.

सासूबाईंच्या दोन हरकतींपैकी अन्नाची हरकत मला अर्धी पटते. ताटातलं अन्न खेळायला घेणं आणि खेळाचं साहित्य स्वयंपाकघरातून घेणं यात फरक ठेवा. खेळ परातीत, जेवण ताटात, दोन्हींच्या जागा वेगळ्या. मूल फार लवकर हा फरक ओळखतं. वाया जाण्याचा प्रश्न असेल तर मटाराच्या शेंगांची रिकामी टरफलं (नीट धुऊन), तांदळाचं धुवण, तळाशी उरलेलं जुनं कॉर्नफ्लोअर वापरा. टरफलं आणि जुनं पीठ मुलीच्या हाती द्या, धाकट्याच्या नको. मात्र जेवताना त्याने वरणभात स्वतःच्या हाताने कालवणं, नाकाला लावून घेणं, हे खेळात धरू नका. ते जेवण शिकणं आहे. त्याला आडकाठी केली तर दोन वर्षांचा झाल्यावरही तोंड उघडून तुमच्या घासाची वाट बघत बसेल. फक्त अन्न सांडेल त्या जागी वर्तमानपत्र अंथरू नका. शाई अन्नात उतरते, म्हणून एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेनेही वर्तमानपत्रात अन्न ठेवू नका असं सांगितलेलं आहे. मेणकापडाखाली वर्तमानपत्र चालेल.

सर्दी विषाणूंमुळे होते, ओल्या हातांमुळे नाही. पण सासूबाईंच्या म्हणण्यात व्यवहाराची एक गोष्ट आहेच: उघडं, ओलं बाळ पंख्याखाली लवकर गार पडतं. पंखा बंद, पाणी कोमट, आणि ओठ फिके किंवा हातपाय गार लागले की लगेच अंघोळ. तापात, जुलाबात, हाताला जखम किंवा इसबाची लाली असताना खेळ नको.

कुंडीतली माती. एकदा दोनदा चाटली तर घाबरू नका, तोंड पुसा आणि पाणी पाजा. पण कुंडीत शेणखत, निंबोळी पेंड, कधी कीटकनाशक असतं, त्यामुळे ती खेळायची माती नव्हे. कुंडी उंचावर ठेवा. सतत माती, खडू किंवा भिंतीचे पोपडे शोधून खात असेल, महिनाभर हे चालू राहिलं, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवून हिमोग्लोबिन तपासा. लोह कमी असलेल्या मुलांत ही सवय दिसते, आणि जुन्या इमारतींच्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून पोपड्यांचं प्रकरण मातीपेक्षाही गंभीर.

आता मुलीकडे वळू, कारण खरं काम तिथे आहे. तिचा हात धरून दह्यात बुडवायचा नाही. ‘काही होत नाही, बघ बाळसुद्धा करतो’ हेही नाही. तिला ओलं, चिकट आणि न पुसता येणारं सहन होत नाही. यातलं ‘न पुसता येणारं’ आधी काढून टाका: तिच्या उजव्या हाताशी ओला नॅपकिन ठेवा आणि पाहिजे तेव्हा, पाहिजे तितक्यांदा पुसू द्या. सुरुवातीला खेळण्यापेक्षा पुसणं जास्त होईल. होऊ द्या. हात स्वच्छ करता येतो ही खात्री पटली की मुलं हात घाण करायला धजावतात.

मग पायऱ्या. पहिल्यांदा खळ झिपच्या पिशवीत भरून, तोंडाला चिकटपट्टी लावून टेबलावर ठेवा. वरून बोटाने रेघा ओढायच्या, हाताला काही लागत नाही. पुढची पायरी ताटात कोरडा रवा, त्यात बोटाने गिरवणं. नंतर ब्रश किंवा चमच्याने खळीचा रंग. मग उकड किंवा कणीक, कारण घट्ट दाबायचा स्पर्श हलक्या, लिबलिबीत स्पर्शापेक्षा सहन व्हायला सोपा असतो. खळीत थेट हात ही शेवटची पायरी. एका पायरीवर आठवडा गेला तरी चालेल. पुढची पायरी शेजारी मांडून ठेवा, ‘कर’ म्हणू नका.

घरातल्या मोठ्यांच्या तोंडी ‘शी! घाण! हात बघ कसे झालेत’ किती वेळा येतं ते दोन दिवस मोजा. त्याऐवजी ‘हाताला दही लागलंय’ एवढंच म्हणा. खेळताना ‘हे काय काढलंस? हत्ती काढ ना’ हेही टाळा. या वयात चित्र निघत नसतं, रंग पसरतो तो कसा पसरतो हे बघणं चालू असतं. दोन-तीन महिने असं करूनही काही हललं नाही, आणि त्याबरोबर ती चार-पाचच पदार्थ खाते, नखं कापताना व केस धुताना दर वेळी रडारड होते, गवतावर पाय टेकत नाही, कपड्याचं लेबल टोचतं म्हणून कपडे काढून टाकते, असं असेल तर ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे (स्पर्श-हालचालींच्या अडचणींवर काम करणाऱ्या तज्ज्ञाकडे) जा. एकट्या दह्यासाठी जायची गरज नाही.

तिचा हात सैल झाला की साडेतीन वर्षांच्या मुलीला देण्यासारखं खूप आहे. दोन वाट्या कॉर्नफ्लोअरमध्ये एक वाटी पाणी थोडं थोडं घाला: मूठ आवळली की घट्ट, सोडली की ओघळतं. खेळायचा टिकाऊ गोळा हवा असेल तर एक वाटी मैदा, अर्धी वाटी मीठ, एक वाटी पाणी, एक मोठा चमचा तेल, एक मोठा चमचा लिंबाचा रस, सगळं नॉनस्टिक पॅनमध्ये मंद आचेवर ढवळत राहा. कडा सोडून गोळा झाला की उतरवा. हाताला चिकटत असेल तर आणखी शिजवा. रवाळ लागला तर मीठ विरघळलेलं नाही, पुढच्या वेळी मीठ आधी पाण्यात विरघळवा. पावसाळ्यात हा गोळा डब्यातसुद्धा ओलसर होतो, मीठ हवेतलं पाणी ओढतं, तेव्हा चमचाभर मैदा लावून पुन्हा परता. पण यात मीठ भयंकर असतं. धाकट्याने मूठभर खाल्ला तर जिवावर बेतू शकतं. तो जागा असताना हा डबा जमिनीवर उघडायचा नाही. तिचा खेळ टेबलावर, त्याचा परातीत खाली, असं उंचीने वेगळं करा.

शाडू माती गणपतीच्या दिवसांत सहज मिळते, तेव्हाच पाच किलो घेऊन ठेवा. आदल्या रात्री भिजवा, सकाळी वरचं पाणी काढून मळा. ओली असताना निर्धोक. वाळलेला चुरा मात्र झाडूने झाडू नका, तो बारीक धुरळा फुफ्फुसात जातो. ओल्या फडक्याने पुसा. आणि दिवाळीचा किल्ला हा आपल्याकडचा सर्वांत प्रतिष्ठित पसारा आहे. मोठ्या मुलांना तो कोणी अडवत नाही, साडेतीन वर्षांच्या मुलीला मात्र ‘मध्ये येऊ नको’ म्हणतात. तिला चिखल कालवायचं काम द्या. गोव्यात माशेलला आषाढात चिखलकाल्याला मोठी माणसं देवळापुढे चिखलात लोळतात, तेव्हा आपली परंपरा चिखलाच्या विरोधात आहे असं म्हणता येणार नाही, हे सासूबाईंना गमतीने सांगायला हरकत नाही.

काय नको ते एकदमच सांगते. पाण्यात फुगणारे जेली बॉल घरातच आणू नका. गिळले तर आतड्यात फुगून अडकतात आणि एक्स-रेत बहुधा दिसत नाहीत. बोरॅक्स घालून केलेला स्लाइम नको. रांगोळी आणि टाल्कम पावडर नको, श्वासातून जातात. शेंदूर नको, त्यात शिसं असतं. कुंकू आणि होळीचा सुटा गुलालही नको, त्यात काय मिसळलंय ते कळत नाही. हळदसुद्धा पिवळी जर्द सुटी न घेता पाकीटबंद घ्या. चणे, वाटाणे, राजमा, मका यांचे टब फोटोत छान दिसतात, पण चार वर्षांच्या आत ते नाकात किंवा घशात अडकतात. नाकातला चणा ओला होऊन फुगतो, त्यामुळे घरी काढत बसू नका, पाणी तर मुळीच घालू नका, सरळ कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा.

बाहेरचं थोडक्यात. बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर खेळू देऊ नका. मांजरं तिथेच शी करतात आणि ओलं सिमेंट कातडी भाजतं. पावसात गच्चीवर किंवा सोसायटीच्या स्वच्छ आवारात डबक्यात उड्या मारू द्या, पण रस्त्यावर तुंबलेल्या पाण्यात नाही. त्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं आणि पायावरच्या ओरखड्यातूनही लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार) होऊ शकतो. मातीत खेळणाऱ्या मुलांना जंतांचं औषध चुकवू नका. राष्ट्रीय जंतनाशक दिन १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला असतो, अंगणवाडीत गोळी मिळते. एक ते दोन वर्षांच्या मुलाला अल्बेंडाझोलची अर्धी गोळी, म्हणजे २०० मिलिग्रॅम, कुस्करून, आणि दोन वर्षांपुढे पूर्ण ४०० मिलिग्रॅम. मातीतून होणाऱ्या धनुर्वातापासूनही वाचवणारा डीपीटी लशीचा बूस्टर १६ ते २४ महिन्यांत असतो, धाकट्याचा येईलच.

आवरताना तीन चुका सगळीकडे होतात. खळ किंवा कॉर्नफ्लोअर लागलेली परात गरम पाण्याने धुतली की पिठाची आणखी खळ होते, आधी गार पाण्याने धुवा. शाडूचं पाणी न्हाणीच्या जाळीत ओतलं की खाली गाळ बसून पाइप तुंबतो. बादलीत तासभर ठेवा, वरचं निवळ पाणी झाडांना घाला, खालचा गाळ डब्यात परत. पाण्याचा खेळ झाला की भांडी पालथी घाला, साठलेल्या पाण्यात आठवड्याभरात डास होतात. पुसायच्या कामात मुलीला घ्या. छोटा स्पंज आणि वाटीभर पाणी दिलं की ती मेणकापड पुसत बसेल. तिच्यासाठी तोही ओला स्पर्शच आहे, आणि तोवर तुमची धाकट्याची अंघोळ उरकते.

आणि हळदीचा डाग. साबण लावल्याबरोबर तो लालभडक होतो, ते बघून घाबरू नका. हळद अल्कलीत लाल होते, डाग वाढलेला नाही. साबण पूर्ण खळबळून काढा, कपडा ओला असतानाच कडक उन्हात घाला, उन्हाने हळद उडते. दुसऱ्या दिवशीही उरला तर ते झबलं पसाऱ्याचं म्हणून बाजूला ठेवून द्या.